आकडा परत म्हण!

ट्रायपॉडचे पाय जमिनीत रुतले आणि यंत्र वर बसलं, की कुठून तरी माणूस येतोच. आधी लांबून बघतो, मग जवळ येतो, मग हात मागे बांधून विचारतो, "काय दिसतं हो ह्यातून?" रस्ता व्हावा असं ज्याला वाटतं तो विचारतो, काम कधी सुरू होणार. ज्याला रस्ता नको असतो तो विचारतो, "रद्द झाला म्हणे?" एकाला वाटतं आपण जमिनीखालचं पाणी शोधतोय. दुसऱ्याला वाटतं शूटिंग आहे आणि नटमंडळी मागच्या गाडीतून येतायत. एक जण मात्र काहीच विचारत नाही. त्याच्या कुंपणाची भिंत हातभर पुढे आलेली असते. तो पाण्याचा तांब्या घेऊन येतो आणि सावलीत बसा म्हणतो.

जमीन मोजणाऱ्याला ही मजा रोज बघायला मिळते. उन्हातान्हात कंटाळा येऊ नये म्हणून ही माणसं थट्टामस्करी करत असतील, असं बाहेरून वाटतं. माझं मत वर्षागणिक वेगळं होत गेलं. माळावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला आमच्यात जे हसणं चालतं ते कामाच्या आतलं आहे आणि मोजणी चोख होण्यात त्याचा मोठा हात आहे. गेली काही वर्षं ते कमी होत चाललंय, म्हणून हे लिहायला बसलो.

जुन्या दुर्बिणींत माणूस उलटा दिसायचा. प्रतिमा सुलटी करायची तर आणखी भिंगं बसवावी लागतात, आणि प्रत्येक भिंग थोडा उजेड खातं. म्हणून बनवणाऱ्यांनी ती भिंगं वगळली आणि डोळ्यालाच सवय करायला लावली. नवा मुलगा पहिल्यांदा डोळा लावायचा तेव्हा समोर स्टाफ, म्हणजे आकडे छापलेली उंच पट्टी, धरून उभा असलेला माणूस त्याला पायांनी आभाळाला लटकलेला दिसायचा. मुलगा मान वाकडी करायचा, मग कंबरेतून वाकायचा, आणि सगळे हसायचे. काही स्टाफवर आकडेच उलटे छापलेले असत, म्हणजे दुर्बिणीतून ते सुलटे वाचता येत. बघायला आलेल्या पोरांना डोळा लावू दिला की ती हटकून एकच विचारायची, "तो खाली पडत का नाही?" काही आठवड्यांत नव्या मुलाचा डोळा सरावायचा, आणि मग त्यालाच सुलट्या यंत्रात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

आमचं निम्मं काम दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी असतात ह्यामुळे अवघड होतं. दोनशे मीटरवर वारा सुटला की हाक पोचत नाही, म्हणून खाणाखुणा ठरलेल्या असतात. उजवा हात झपाट्यानं फिरवला तर काठी घेऊन उजवीकडे बरंच सरक, हळू फिरवला तर थोडंच सरक, हात आडवा धरून ठेवला तर सरकत राहा. दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले की जागा बरोबर. पुस्तकात हे फार स्वच्छ वाटतं. शिवारात दुर्बिणीजवळच्या माणसाच्या कानाशी माशी घोंघावते, तो हात झटकत राहतो, आणि पलीकडचा काठीवाला इमानेइतबारे उजवीकडे, आणखी उजवीकडे सरकत ओढ्याच्या कडेला पोचतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं, त्यानं हुकूम पाळलेला असतो. असं एकदा घडलं की त्या गटात खुणा फार जपून केल्या जातात. माशी आली तरी यंत्राजवळचा माणूस हात पाठीमागे नेऊन मगच झटकतो.

स्टाफ धरायचं काम हलकं समजतात. तसं ते मुळीच नाही. स्टाफ रेसभर कलला तरी आकडा जास्त येतो. तो सरळ उभा आहे हे दाखवणारा त्यावरचा बुडबुडा बिघडला असेल तर एक जुनी युक्ती आहे. स्टाफ सावकाश पुढे झुकवायचा, मग मागे, आणि यंत्रावरच्या माणसानं आकडा बघत राहायचं. आकडा उतरतो, पुन्हा चढतो. सगळ्यात खालचा आकडा येतो त्या क्षणी स्टाफ बरोबर उभा असतो, तोच लिहायचा. लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की एक माणूस गंभीर चेहऱ्यानं एका उंच पट्टीला डोलवतोय. मुलं लगेच काठ्या शोधतात आणि त्याच्या मागे ओळीनं डोलायला लागतात.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा वही लिहीत. यंत्रावरच्यानं आकडा सुटा सुटा ओरडायचा, "एक, चार, तीन, दोन", दादांनी तो तसाच परत म्हणायचा, मग यंत्रावरच्यानं पुन्हा दुर्बिणीत बघून "बरोबर" म्हणायचं, आणि तेव्हाच पेन कागदाला लागायचं. ह्या व्यवसायात सगळीकडे अशीच रीत आहे, कारण १.४३२ चा १.३४२ व्हायला कानाला क्षणही लागत नाही आणि नऊ सेंटिमीटर जातात. दादांची एक खोड होती. नवा मुलगा यंत्रावर असला की दिवसातून केव्हातरी ते मुद्दाम एक आकडा फिरवून परत म्हणत. मुलगा जागा असेल तर ओरडायचा, "नाही दादा, चार आधी!" झोपेत असेल तर "बरोबर" म्हणून मोकळा व्हायचा. मग दादा पेन खाली ठेवून गोड आवाजात म्हणत, "बाळा, आज ट्रायपॉड तुझ्या खांद्यावर." संध्याकाळपर्यंत तो ट्रायपॉड दुसरं कोणी उचलत नसे. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे कान सशाचे झालेले असत. शिकवण्याची ह्याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. चूक वहीत शिरायच्या आत पकडली जायची, सगळे हसायचे, आणि ज्याच्यावर हसले तोही हसायचा.

वहीतही तीच शिस्त. खाडाखोड चालत नाही, रबर तर पेटीतसुद्धा ठेवत नाहीत. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि बरोबर आकडा वर लिहायचा.

ही दोन माणसांची तपासणी फार जुनी आहे. एडमंड गुंटरनं १६२० मध्ये मोजणीची साखळी आणली. लांबी ६६ फूट, कड्या १००. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर, ऐंशी साखळ्यांचा एक मैल. साखळीबरोबर दहा लोखंडी बाण असायचे. पुढचा माणूस साखळी ताणून टोकाशी बाण रोवायचा, मागचा तिथे पोचला की उपटून हातात घ्यायचा. पुढच्याचे हात रिकामे झाले म्हणजे मागच्याच्या हातात दहा असायला हवेत. मोजून परत द्यायचे आणि वहीत एक खूण करायची. नऊच भरले तर तिथेच थांबायचं. एक तर बाण गवतात पडलाय, नाहीतर मोजदाद चुकलीय, आणि दोघांनाही तोंडानं काही सांगून सुटता येत नाही, कारण बाण खोटं बोलत नाहीत. मोजदादीवरून होणारी भांडणं मिटवायला इतकी साधी सोय कोणी केली असेल त्याला माझा नमस्कार.

मोजणाऱ्यांच्या इतिहासात मला सगळ्यात लाडका माणूस नैनसिंह रावत. १८६५-६६ मध्ये हा माणूस वेश बदलून ल्हासापर्यंत गेला, तेही पावलं मोजत. बाहेरच्यांना तिबेटमध्ये बंदी होती, साखळी-दुर्बीण नेणं शक्यच नव्हतं. त्याच्या हातात जपमाळ होती. तिच्यात मणी १०८ ऐवजी १००, आणि शंभर पावलांना एक मणी सरकायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या कागदाऐवजी टिपणांचे कागद. कोणी जवळ येताना दिसलं की जप जोरात चालू, आणि भक्तीत व्यत्यय नको म्हणून येणारा बाजूला होई. आठ मणी कमी आहेत हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून त्यानं ल्हासाची उंचीही काढली. ह्यात एक खट्याळपणा आहे आणि त्याच्याइतकीच अफाट चिकाटी आहे. मला ती दोन वेगळी काढताच येत नाहीत.

त्याच्या आधीच्या पिढीतला विल्यम लॅम्ब्टन गंभीर स्वभावाचा होता असं वाचलंय. त्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेघ, मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, जवळजवळ अर्धा टन वजनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर ते दोरांनी चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. अंशांची चकती वाकली. त्यानं तंबूत बसून, कारागीर हाताशी घेऊन, कित्येक आठवडे ठोकठाक करत ती पुन्हा गोल केली आणि काम पुढे नेलं. १८२३ मध्ये हिंगणघाटला मोजणीच्या वाटेवरच तो वारला. अर्धा टनाचं यंत्र उंचावर चढवताना त्या दोरांवरच्या माणसांत काय बोलणं चालत असेल, ते मला ऐकायला फार आवडलं असतं. अहवालात ते आलेलं नाही. अहवालात कधीच येत नाही.

आता चुकांबद्दल, कारण हसण्याचं मूळ तिथे आहे. कुठलंच माप पूर्ण बरोबर नसतं, हे आमच्यात पहिल्या दिवशी सांगतात. तीस मीटरची पोलादी टेप सकाळच्या गारव्यातून वीस अंशांनी तापली की सात मिलिमीटर वाढते. दुपारी जमीन तापली की दुर्बिणीतला स्टाफ नाचायला लागतो आणि दोन आकड्यांमधला कोणता घ्यावा कळत नाही, म्हणून लेव्हलचं, म्हणजे उंचसखल मोजायचं, काम भल्या सकाळी उरकतात. एक किलोमीटरच्या नजरेत पृथ्वीची गोलाई आणि हवेत वाकणारे किरण मिळून सुमारे ६.७ सेंटिमीटरचा फरक पाडतात. मागचा आणि पुढचा स्टाफ यंत्रापासून सारख्या अंतरावर ठेवला की दोन्ही बाजूंना तेवढाच फरक पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. पृथ्वी गोल आहे हे मान्य करून तिला हिशोबातून काढून टाकायची ही युक्ती आहे, आणि आजही मला ती करताना आनंद होतो.

एवढं करूनही फेरी पुरी करून जिथून निघालो त्या खुणेवर परत आलं की उंचीत थोडा फरक उरतोच. चांगल्या कामाला अनेक ठिकाणी किलोमीटरच्या वर्गमुळाला बारानं गुणून येतील तेवढे मिलिमीटर माफ असतात, म्हणजे चार किलोमीटरच्या फेरीला चोवीस. सात-आठ मिलिमीटर आले की सगळे खूश. खरी गंमत शून्य आलं तर होते. बाहेरच्याला वाटेल पेढे वाटा. आमच्यात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कारण दोन उलटसुलट चुका एकमेकींना खाऊनही शून्य येतं. दादा वही पुढे ओढून पहिल्या पानापासून बेरजा तपासायला लागायचे आणि म्हणायचे, "इतके शहाणे आपण नाही."

एव्हरेस्टची जी गोष्ट आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती ह्याच जातीची. १८५६ मध्ये उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. म्हणतात की हिशोब बरोबर २९,००० वर येत होता, पण एवढा गोल आकडा लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. खरंखोटं देव जाणे. मोजणाऱ्यांना मात्र ही गोष्ट ऐकताक्षणी पटते, कारण गोल आकड्याकडे संशयानं बघणं त्यांच्या हाडीमासी खिळलेलं असतं. २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे आणि ते जुने २९,००२ फूट होतात ८,८४० मीटरच्या आसपास. दीडशे किलोमीटरहून लांबून, शिखराच्या पायथ्याशी न जाता काढलेला हा आकडा आहे, हे लक्षात घेतलं की तोंडात बोट जातं.

पण चुकीवर हसणं सगळ्यात उपयोगी पडतं ते हद्दीच्या दिवशी.

हद्दीची मोजणी म्हणजे वातावरण तंग. दोन्ही बाजूंची माणसं सकाळपासून हजर, प्रत्येकाच्या खिशात कागद. जमिनीवर रेघ नसते, ती फक्त कागदात आणि दोघांच्या डोक्यात असते, आणि डोक्यातल्या दोन रेघा एकमेकींपासून हात-दोन हात लांब असतात. आम्ही मूळ खुणा शोधतो. बऱ्याच देशांत कायदा असं मानतो की कागदावरचं अंतर आणि जागचा न हललेला मूळ दगड ह्यांचं पटलं नाही तर दगडाचं ऐकायचं. म्हणून खणायचं. जुन्या काळी कित्येक ठिकाणी हद्दीच्या दगडाखाली कोळसा किंवा खापराचे तुकडे पुरत, कारण कोळसा कुजत नाही, आणि रात्री दगड सरकवणाऱ्याला खालचं माहीत नसतं. जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागात तर शपथ घेतलेली सात माणसं दगडाखाली गुप्त खुणा ठेवायची आणि ते गुपित त्यांच्यातच राहायचं. काही गावांत ही परंपरा अजून टिकून आहे.

आणि कधी उलटंही होतं. कोपरा खणावा तर एकाऐवजी चार सळया निघतात, एका वितीत चारही. प्रत्येक मोजणाऱ्यानं येऊन आधीच्याची सळी नापसंत केली आणि आपली ठोकली. त्या चार सळयांकडे बघून दोन्ही घरचे लोक आमच्याकडे जे बघतात, त्याला उत्तर नसतं. मी स्वतः पाचवी ठोकायच्या विरुद्ध आहे. आधीची खूण पिढ्यांनी मानलेली असेल तर चार बोटांच्या फरकासाठी ती मोडण्यात काय पुरुषार्थ?

असाच एक दिवस आठवतो. दोन शेजारी, कित्येक वर्षांचा अबोला. दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभे आणि बोलत होते माझ्याशी. "साहेब, त्यांना विचारा, हे झाड कोणाच्या वडिलांनी लावलं?" दुसरा ऐकत होताच, पण माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा, झाड लावलं तेव्हा ते रांगत होते." मी मध्ये नुसता मान हलवत होतो. दादा वही घेऊन शेजारी होते. त्यांनी पेन काढलं आणि आकड्याच्या सुरात, मोठ्यानं परत म्हटलं, "झाड. कोणाच्या वडिलांनी. लावलं. बरोबर?" पहिला दचकून म्हणाला, "बरोबर." दादांनी दुसऱ्याकडे वळून, "तेव्हा. ते. रांगत होते. बरोबर?" दुसऱ्याला "बरोबर" म्हणताना हसू फुटलं. मग पहिल्यालाही. पुढचं वाक्य पहिला सरळ शेजाऱ्याला बोलला, "अरे, मी रांगत नव्हतो, शाळेत होतो." त्यानंतर मोजणीवरून वाद झालाच, चांगला कडाक्याचा झाला, पण एकमेकांशी झाला. दगड निघाला तेव्हा माती काढायला दोघांचे हात होते आणि खाली काळे कोळशाचे कण दिसल्यावर दोघांनी ते बोटावर घेऊन बघितले.

रोमन लोकांचा हद्दीचा एक देव होता, टर्मिनस. २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी एकाच दगडाला आपापल्या बाजूनं हार घालायचे आणि एकत्र जेवायचे. त्यांच्या कथेत ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायला बाकीचे देव जागा सोडून हलले, टर्मिनस तेवढा हलला नाही, मग देऊळच त्याच्याभोवती बांधलं. हद्दीचा दगड देवांच्या राजालाही बधला नाही, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी शेजाऱ्यांची भांडणं जवळून पाहिलेली असणार.

आताची यंत्रं अप्रतिम आहेत, आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. उपग्रहांवरून काही सेकंदांत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा मिळते. झाडाखाली गेलं की पडद्यावरचं "फिक्स", म्हणजे जागा पक्की, जातं आणि "फ्लोट", म्हणजे जागा अजून डळमळीत, येतं. मग काठी धरून आभाळाकडे बघत पुतळ्यासारखं थांबायचं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटतं ह्या माणसाचं काहीतरी हरवलंय. रोबोटिक टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन दोन्ही मोजणारं यंत्र, तर काठीवरच्या प्रिझमच्या, म्हणजे किरण परत पाठवणाऱ्या भिंगाच्या, मागे आपलं आपण वळत राहतं. ट्रायपॉडजवळ माणूसच लागत नाही. म्हणून आता बहुतेक कामांना एकालाच पाठवतात.

इथे मात्र मी अडतो. यंत्र अंतर चुकत नाही, कोन चुकत नाही. चुकते ती काठीची उंची. प्रिझमची काठी दीड मीटरवर होती, मध्ये कुंपण आलं म्हणून एक-ऐंशीवर नेली, आणि यंत्रात दीडच राहिलं. तिथून पुढच्या प्रत्येक बिंदूची पातळी तीस सेंटिमीटरनं वर गेली, आणि पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय. दोन माणसं असली तर एक जण सहज ओरडतो, "काठी किती?" दुसरा म्हणतो, "एक-ऐंशी", आणि लगेच शिव्या-हशा-दुरुस्ती. एकट्याला कोणी विचारत नाही. त्याच्या खर्चाचा आकडा कागदावर कमी दिसतो, पण ऑफिसात बसून दोन दिवस नकाशातला उंचवटा कुठून आला हे शोधण्यात तो केव्हाच भरून निघतो. नवं पोरगं तर त्याहून जास्त गमावतं. त्याला आकडा फिरवून कान टवकारायला लावणारे दादा भेटतच नाहीत. ते एकटंच शिकतं आणि चूकही एकट्यालाच कळते, फार उशिरा.

म्हणून मी लेखी मागणी केली. हद्दीच्या कामाला आणि नवा मुलगा असेल त्या प्रत्येक कामाला दोन माणसं, काठीची उंची प्रत्येक बदलाला मोठ्यानं सांगायची आणि समोरच्यानं परत म्हणायची. हद्दीचं मान्य झालं. रस्त्याच्या कामाला अजून एकाच माणसाला पाठवतात. त्यासाठी पुन्हा अर्ज लिहायला घेतलाय, आणि ह्या वेळी त्या तीस सेंटिमीटरचा नकाशा सोबत जोडतोय.